याकोबाची कुस्ती : पॅरिसमधल्या एका भिंतीसमोर पाच दिवस

कोल्हापुरातल्या आमच्या शाळेच्या चित्रकला-वर्गात, फळ्याच्या उजव्या अंगाला, मी वीस-बावीस वर्षे एक छापील चित्र टांगून ठेवले होते. रद्दीत मिळालेल्या एका इंग्रजी कलाग्रंथाचे ते सुटे पान होते. त्यातला निळा रंग उडून राखाडी झाला होता आणि हिरवा काळवंडला होता. प्रचंड झाडे, त्यांच्या पायथ्याशी झोंबी घेणारे दोघे जण, त्यांतल्या एकाच्या पाठीला पंख आणि पुढे जमिनीवर टाकलेला कपड्यांचा ढीग, एवढे मात्र स्पष्ट दिसे. दर वर्षी नवी मुले आली की त्यांतला एखादा तालमीत जाणारा मुलगा चित्रापुढे थबके. एकाने तर पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "सर, पंखवाल्यानं पट काढलाय की!" (पट म्हणजे पायाला हात घालून पाडण्याचा डाव.) मग मी त्यांना बायबलमधल्या याकोबाची गोष्ट सांगे, आणि गोष्ट संपली की हमखास एकच प्रश्न येई : "पण सर, जिंकलं कोण?"

हे चित्र फ्रेंच चित्रकार यूजेन देलाक्रवा याने १८६१ मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी पुरे केले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तो वारला. ते कॅनव्हासवर नसून चर्चच्या भिंतीवर आहे. त्यामुळे ते कोणत्याही प्रदर्शनासाठी कुठे नेता येत नाही आणि ज्याला पाहायचे असेल त्याने त्या भिंतीपाशीच जावे लागते. निवृत्तीनंतर, पॅरिसला नोकरी करणाऱ्या भाच्याच्या आग्रहावरून, गेल्या ऑक्टोबरात मी तिथे गेलो. तिकिटे, व्हिसा वगैरे सोपस्कार त्यानेच उरकले. माझी अट एकच होती : बाकी काही राहिले तरी चालेल, पण सॅं-सुल्पीस चर्चला रोज जाता आले पाहिजे.

पहिला दिवस : काळोखातली भिंत

विमानातून उतरून सामान टाकले, भाचेसुनेच्या हातचा चहा घेतला आणि दुपारी चारच्या सुमारास आम्ही सॅं-सुल्पीसच्या चौकात पोहोचलो. झिमझिम पाऊस चालू होता. चौकाच्या मध्यभागी चार बिशपांचे पुतळे असलेले मोठे कारंजे आहे आणि त्यामागे चर्चची दोन मजली खांबांची दर्शनी बाजू उभी राहते. तिचे दोन मनोरे एकमेकांशी जुळत नाहीत. उत्तरेकडचा उंच आणि सफाईदार आहे, तर दक्षिणेकडचा थोडा बुटका आणि अर्धवट सोडल्यासारखा दिसतो. तो खरोखरच अपुरा राहिलेला आहे. एवढ्या भव्य वास्तूत ही विजोड जोडी पाहून मला का कोण जाणे बरे वाटले.

आत गेल्यावर मात्र फजिती झाली. आपण ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते चित्र गाभाऱ्याजवळ कुठेतरी, मानाच्या जागी असणार असे मी गृहीत धरले होते. म्हणून थेट पुढे चालत गेलो, जमिनीत बसवलेली पितळी रेघ आणि तिच्या टोकाचा संगमरवरी स्तंभ पाहिला (दुपारच्या उन्हाचा कवडसा या रेघेवर कुठे पडतो ते बघून अठराव्या शतकात इथे विषुवदिन आणि ईस्टरची तारीख ठरवत), सगळी चॅपेले (कडेची छोटी प्रार्थनादालने) धुंडाळून परत दाराशी आलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हेच की ते. आपण आत आलो तेव्हा उजव्या हाताला होतं." दारातून शिरताच उजवीकडचे पहिलेच चॅपेल, म्हणजे छत्री झटकताना माणूस ज्याच्याकडे पाठ करतो ते. पवित्र देवदूतांना वाहिलेल्या त्या चॅपेलमध्ये देलाक्रवाची तीन कामे आहेत : डाव्या भिंतीवर याकोबाची झुंज, समोर उजव्या भिंतीवर खजिना लुटायला आलेल्या हेलिओदोराला मंदिरातून हाकलून लावल्याचा प्रसंग आणि छतावर सैतानरूपी अजगराला चिरडणारा संत मायकेल.

पहिल्या नजरेत मला काही म्हणजे काहीच दिसले नाही. बाहेर ढग, खिडकीतून येणारा मंद करडा उजेड आणि त्यात ओल्या पोत्यासारखी दिसणारी साडेसात मीटर उंच व जवळपास पाच मीटर रुंद भिंत. डोळे सरावल्यावर झाडांचे बुंधे वेगळे झाले, मग फांद्या, मग खाली कुठेतरी ते दोघे. आयुष्यभर मी ज्याला कुस्तीचे चित्र समजत आलो, त्यात कुस्तीला जेमतेम खालचा एक कोपरा मिळाला होता. "सगळी झाडंच आहेत की," भाचा म्हणाला, आणि मला उत्तर सुचले नाही.

मेणबत्त्यांचे थेंब खरवडणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आमची अवस्था ओळखली असावी. भाच्याकडून त्यांचे बोलणे समजून घेतले ते असे : या भिंतीला ऊन पडल्या दिवशी, दुपार कलल्यावर भेटा, अगदी जवळ उभे राहू नका, समोरच्या भिंतीला पाठ टेकून पाहा, आणि पहिल्या दिवशी निराश होण्याची इथे रीतच आहे. शेवटचे वाक्य त्यांनी हसत हसत सांगितले.

जाणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवतो : चर्चला प्रवेशमूल्य नाही. शक्य असल्यास छोटी दुर्बीण न्यावी, कारण छतावरचा संत मायकेल साध्या डोळ्यांना फारसा लागत नाही. चॅपेलची खिडकी दक्षिणेकडे असल्याने सकाळी हेलिओदोराची आणि दुपारनंतर याकोबाची भिंत उजळते, असा माझा पाच दिवसांचा अनुभव आहे.

दुसरा दिवस : घर ते भिंत, दहा मिनिटे

सकाळी देलाक्रवाच्या घरी गेलो. फ्युर्स्तेंबेर नावाच्या चिमुकल्या चौकातल्या या घराचे आता संग्रहालय झाले आहे; मंगळवारी ते बंद असते. १८५७ च्या डिसेंबरअखेरीस त्याने शहराच्या दुसऱ्या भागातला आपला जुना स्टुडिओ सोडला आणि तो इथे राहायला आला. कारण सरळ होते : सॅं-सुल्पीसच्या भिंतींचे काम त्याला १८४९ मध्येच मिळाले होते, मधली वर्षे इतर कामांत आणि आजारपणात गेली होती, आणि घशाच्या दुखण्याने खंगलेल्या माणसाला रोजची लांबची ये-जा झेपेनाशी झाली होती. घराच्या मागच्या बागेत त्याने स्वतःसाठी मोठ्या खिडकीचा स्टुडिओ बांधून घेतला. बाग आजही आहे. पावसाने धुतलेल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून आम्ही अर्धा तास बसलो. शहर चार पावलांवर असूनही फक्त पाखरांचा आवाज येत होता.

त्याच्या मृत्यूनंतर या स्टुडिओवर पाडले जाण्याची वेळ आली होती. तो वाचवण्यासाठी १९२०-३० च्या काळात ज्यांनी खटपट केली त्यांत पॉल सिन्याक आणि मोरीस दनी हे दोन चित्रकार पुढे होते. सिन्याक म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी रंगवणारा. त्याला देलाक्रवाची एवढी ओढ का होती याचे उत्तर मला त्याच दुपारी भिंतीवर मिळायचे होते. घरात बायबलमधल्या माग्दालेनेचे एक छोटे चित्र आहे, १८४५ चे. मागे कललेला नुसता चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे. ती झोपली आहे, मेली आहे की देवाशी बोलते आहे ते कळत नाही. देलाक्रवा श्रद्धाळू म्हणून ओळखला जात नव्हता. चर्चवर टीका करणाऱ्या वॉल्टेरच्या वळणावर वाढलेला तो माणूस. तरी धार्मिक विषय त्याला जन्मभर सुटले नाहीत. त्या चेहऱ्यासमोर उभे राहिल्यावर मला हा विरोधाभास फारसा खटकला नाही. आमच्याकडेही नास्तिक मूर्तिकाराने घडवलेल्या मूर्तीची पूजा होतेच.

दुपारी कोपऱ्यावरच्या खाणावळीत कांद्याचे सूप घेतले. वर चीजची जाड साय, खाली तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा आणि त्यात भिजलेला पाव. पहिला घोट घेतल्यावर मला पिठल्याआधी परतलेल्या कांद्याचा वास आठवला आणि दुसऱ्या घोटाला जीभ भाजली. (शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे, हे सूप बहुधा मांसाच्या रश्शात करतात.) तेवढ्यात बाहेर ऊन पडले. पैसे चुकते करून आम्ही अक्षरशः पळत सुटलो. घरापासून चर्चपर्यंतचे अंतर माझ्या चालीने दहा मिनिटांचे भरले. गळ्याभोवती मफलर गुंडाळून म्हातारा देलाक्रवा पहाटेच घराबाहेर पडत असे, तो याच गल्ल्यांतून. १ जानेवारी १८६१ च्या रोजनिशीत त्याने लिहिले आहे की चित्रकला एखाद्या हट्टी प्रेयसीसारखी आपल्याला छळते आहे. चार महिने आपण उजाडताच या मोहक कामाकडे धावतो आहोत. जे दुरून सोपे वाटले होते त्यात भयंकर, न संपणाऱ्या अडचणी निघत आहेत. आणि तरीही ही अखंड झुंज आपल्याला पाडण्याऐवजी उभे करते आहे. झुंज हा शब्द त्याचाच आहे. समोरच्या भिंतीवर तो त्या वेळी काय रंगवत होता हे त्याला आठवण करून देण्याची गरज नव्हती.

उन्हात भिंत जागी झाली होती. समोरच्या भिंतीला पाठ टेकून आम्ही दोन तास उभे राहिलो, म्हणजे मी राहिलो. भाचा मध्ये दोनदा फोनवर जाऊन आला.

गोष्ट थोडक्यात अशी. याकोबाने तरुणपणी भाऊ एसाव याला फसवून बापाचा आशीर्वाद लाटला आणि तो परागंदा झाला. वीस वर्षांनी बायकामुले, गुरेढोरे घेऊन तो परत निघाला, तेव्हा चिडलेला भाऊ चारशे माणसे घेऊन सामोरा येत असल्याचे कळले. त्याला शांत करण्यासाठी याकोबाने शेळ्या-मेंढ्या, उंट, गाई असा नजराणा पुढे पाठवला आणि रात्री यब्बोक नदीपाशी तो एकटा मागे राहिला. तिथे एक अनोळखी पुरुष त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजला. याकोब हटेना, तेव्हा त्या पुरुषाने त्याच्या जांघेच्या सांध्याला स्पर्श केला आणि सांधा निखळला. तरी याकोबाने पकड सोडली नाही. "उजाडते आहे, मला जाऊ दे," असे त्या पुरुषालाच म्हणावे लागले, आणि आशीर्वाद घेतल्यावाचून सोडणार नाही, असे याकोबाने त्याला सुनावले.

देलाक्रवाने नेमका उजाडण्याचा क्षण पकडला आहे. चित्राच्या उजव्या कडेला नजराण्याचा तांडा धूळ उडवत पुढे चालला आहे; माणसे, उंट, मेंढरे यांची दाटी, आणि मागे काय चालले आहे याची कोणालाच खबर नाही. मध्यभागी ओकची झाडे आभाळ झाकून उभी आहेत. त्यांच्या फांद्यांना असे पीळ दिलेले आहेत की खाली दोघे झुंजत आहेत तसेच वर झाडेही झुंजत असावीत असे वाटते. डावीकडे, खाली, ते दोघे. याकोब डोके खाली घालून, एखाद्या एडक्यासारखा, सगळ्या अंगाचा भार टाकून भिडला आहे. पाठीचा स्नायू न् स्नायू ताठला आहे. देवदूत मात्र सरळ उभा आहे. त्याच्या चेहऱ्यावर ना राग, ना ताण. त्याचा एक हात याकोबाच्या मांडीवर आहे.

इथे मला माझ्या विद्यार्थ्याचा "पट" आठवला, आणि त्याहून जास्त माझे आजोबा आठवले. ते गंगावेशीच्या तालमीत जात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या त्यांनी तरुणपणी पाहिलेल्या होत्या; पण मला घेऊन बसत ते तालमीच्या कट्ट्यावर, पहाटेचा जोर, म्हणजे सरावाची झोंबी, बघायला. वस्ताद नव्या पोराला अंगावर घेई. पोरगा जीव खाऊन रेटी, वस्ताद जागचा हलत नसे, आणि त्याचे तोंड अगदी असेच असे : शांत, जरासे खाली वळलेले, पोराची ताकद अजमावणारे. मध्येच तो मांडीला एक हात घाली आणि पोरगा मातीत जाई. आजोबा म्हणत, "ही कुस्ती न्हवं. हे देणं हाय." अशा जोराचा निकाल लागत नसतो, कोण जिंकले हे तिथे कोणी विचारत नाही. भिंतीवरचा देवदूत लढत नाही, तो जोर करून घेतो आहे, हे मला त्या दुपारी उमगले, आणि बावीस वर्षे मुलांच्या प्रश्नाला मी उगाच गोलमाल उत्तरे देत होतो याची थोडी लाजही वाटली. चित्र पुरे झाल्यावर लोकांना ते पाहायला बोलावण्यासाठी देलाक्रवाने निमंत्रणपत्रिका काढली होती. देव आपल्या निवडक माणसांवर अधूनमधून ज्या कसोट्या पाठवतो त्यांचे ही झुंज म्हणजे प्रतीक आहे, असे धर्मग्रंथ मानतात, हे त्याने तिच्यात या प्रसंगाची गोष्ट सांगून शेवटी नमूद केले. वस्तादाला यापेक्षा वेगळे काही म्हणायचे नसते.

मग जवळ जाऊन पाहिले. चित्रकला शिकवणाऱ्याला जवळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. हे भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावरचे नाही. तेलरंगात मेण मिसळून ते भिंतीवर केलेले आहे, आणि दमट भिंत रंगकामाला लायक करण्यातच बराच काळ गेला होता. गवत, पाने, कपडे यांत रंग घोटून एकजीव केलेला नाही. हिरव्याशेजारी पिवळट, पिवळटाशेजारी जांभळट अशा सुट्या रेघा एकमेकींवर विणल्या आहेत. जवळून नुसता गोंधळ, दहा पावले मागे गेले की पान हलू लागते. सिन्याक या माणसाच्या घरासाठी का झटला ते इथे कळते. २०१५-१६ मध्ये भिंतींची साफसफाई आणि डागडुजी झाली. तिच्यामुळेच हे सगळे आज इतके स्वच्छ दिसते.

आणि तो कपड्यांचा ढीग! शाळेतल्या छपाईत तो राखाडी डाग होता. प्रत्यक्षात निळे आणि लाल वस्त्र, बाणांचा भाता, भाला आणि त्या सगळ्यावर टाकलेली गवती टोपी, असा तो अगदी पुढे, पाहणाऱ्याच्या पायाशी येऊन पडला आहे. लाल मातीत उतरण्याआधी पैलवान कडेला कपडे काढून ठेवतो, तसा.

तिसरा दिवस : तरुण देलाक्रवाच्या शोधात

दिवसभर पाऊस. लूव्रमध्ये सकाळ गेली (तेही मंगळवारी बंद असते, तिकीट आधी काढून ठेवावे). तिथली देलाक्रवाची प्रचंड चित्रे, म्हणजे १८२४ ची कियॉसची कत्तल, सार्दानापालसचा मृत्यू, १८३० च्या क्रांतीतली तिरंगा उंचावणारी स्वातंत्र्यदेवता, ही कोणालाही ठाऊक असतात आणि त्यांच्यापुढे गर्दीही तितकीच असते. मला वेगळेच जाणवले. तरुणपणीच्या या चित्रांत प्रत्येक जण ओरडत असतो. सॅं-सुल्पीसच्या भिंतीवर कोणी ओरडत नाही. मेंढरांच्या धुळीचासुद्धा आवाज येत नाही.

दुपारी मारे भागातली दोन चर्चे पाहिली. सॅं-पॉल-सॅं-लुईमध्ये त्याचे १८२७ च्या प्रदर्शनात मांडलेले "ऑलिव्हच्या बागेतला ख्रिस्त" आहे. त्यात तीन देवदूत येतात. सुंदर, शोकाकुल, थोडेसे नाटकी. ख्रिस्त हाताने त्यांना जणू मागे सारतो. तिथून थोड्या अंतरावर, त्युरेन रस्त्यावरच्या सॅं-दनी-द्यु-सॅं-साक्रमांमध्ये १८४४ चे भित्तिचित्र आहे : मांडीवर मुलाचे कलेवर घेतलेली, दोन्ही हात आडवे पसरलेली मारिया. तेही आत शिरताच उजवीकडे, तेही अंधारात. चर्चवाल्यांनी या माणसाला उजेडाची जागा देऊ नये असा नवस केला होता की काय, असे भाचा म्हणाला. तिसरे एक चर्च पाहायचे होते, पण त्याचे दार बंद निघाले. भिजून घरी आलो. भाचेसुनेने गरम आमटी-भात वाढला आणि त्या दिवसाची खरी कमाई तीच ठरली.

चौथा दिवस : झाडे

भिंतीवरची झाडे कुठली, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. पॅरिसच्या दक्षिणेला, सीन नदीकाठी शांप्रोझे नावाचे गाव आहे. देलाक्रवाने तिथे १८४४ पासून भाड्याने घर घेतले होते आणि १८५८ मध्ये ते विकतच घेतले. गावाला लागूनच सेनारचे जंगल पसरते. तिथल्या जुन्या ओकांची रेखाटने तो करत असे आणि याकोबाच्या झाडांत तीच झाडे उतरली आहेत. १८४० मध्ये पॅरिसहून कोर्बेयपर्यंत आगगाडी सुरू झाली, म्हणून त्याला शहर सोडून इथे येणे सोपे झाले. आजही त्याच मार्गाने जाता येते : डी लाइनच्या लोकल गाडीने रिस-ओरांजिसला उतरायचे आणि पूल ओलांडायचा. आम्ही माझ्या घाईमुळे एक स्टेशन आधीच उतरलो आणि पुढच्या गाडीची वाट पाहत कुडकुडत बसलो.

हा उशीर पथ्यावर पडला, कारण ऑक्टोबराच्या उत्तरार्धात तिथे सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. आम्ही जंगलात शिरलो तेव्हा नुकते उजाडत होते. जमिनीवर ओली पिवळी पाने, त्यांतून उठणारे धुके आणि ओकच्या काळ्या बुंध्यांमधून आडवा येणारा, अजून ऊब नसलेला उजेड. हाच तो उजेड. भिंतीवर तो मला जरा बनावट वाटला होता; झाडांखाली सावली इतकी निळसर आणि वरची पाने एवढी पिवळी कशी असतील, अशी शंका मनात होती. ती तिथल्या तिथे फिटली.

टोपली घेऊन अळंबी शोधणारे एक आजोबा भेटले. भारतातून एक मास्तर ओकची झाडे पाहायला आला आहे, हे ऐकून त्यांना आधी हसू आले, मग त्यांनी मला हाताला धरून एका जाडजूड झाडाखाली नेले आणि खोडाला पाठ लावून वर पाहायला सांगितले. खाली उभे राहून वर पाहिले की झाड संपतच नाही. अख्खे झाड दिसत नाही, फक्त फांद्या, आणि त्यामुळेच ते अजस्र वाटते. देलाक्रवाने १८५३ च्या रोजनिशीत याच जंगलातल्या एका ओकबद्दल नेमका हाच अनुभव टिपला आहे : दुरून बेताचे वाटलेले झाड जवळ जाऊन फांद्यांखाली उभे राहताच अफाट होते. भिंतीवरच्या झाडांचे शेंडे चौकटीबाहेर का गेले असावेत, ते मला आजोबांच्या त्या झाडाखाली समजले.

तिथेच ओंडक्यावर बसून आम्ही शिदोरी सोडली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. आजोबांना चतकोर भाकरी दिली. चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तरी त्यांनी पुन्हा मागितली. बदल्यात त्यांनी चेस्टनट दिले. ते भाजून खायचे असतात हे आम्हाला एक कच्चा चावल्यावर कळले. जंगलात जाणाऱ्यांनी ओल धरणार नाहीत असे बूट घालावेत आणि पाणी, खाणे बरोबर ठेवावे. आत दुकाने नाहीत.

पाचवा दिवस : रविवार

सकाळी सॅं-सुल्पीसला मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, होता. त्या वेळी चर्चमध्ये हिंडून चित्रे पाहणे बरे नव्हे. आम्ही मागच्या बाकांवर बसलो. मिस्सा संपल्यावर ऑर्गन सुरू झाला. कावाये-कोल या प्रख्यात कारागिराने नव्याने घडवलेले हे वाद्य १८६२ मध्ये पुरे झाले, म्हणजे देलाक्रवाच्या कामाला पडदा पडल्यानंतर एका वर्षाने. खालचे सूर कानांना कमी आणि बाकाच्या लाकडातून पाठीला जास्त ऐकू येतात. चर्चमधले संगीत ऐकत काम करणे देलाक्रवाला आवडे, म्हणून मी चॅपेलकडे मान वळवून पाहिले, पण सकाळचे ऊन हेलिओदोरावर होते. मंदिराचा खजिना लुटायला आलेला तो सरदार जमिनीवर लोळतो आहे, घोडेस्वार त्याला तुडवतो आहे आणि दोन देवदूत हातात फोक घेऊन त्याला झोडपत आहेत, त्यांतला एक तर हवेतून उलटा झेपावत. या भिंतीचे कौतुक मी मुद्दाम आखडते घेतले आहे. ती भव्य आहे, रंगीत आहे, पण तिथला निकाल आधीच लागलेला आहे.

दुपारी पेर लाशेझच्या स्मशानात जाऊन देलाक्रवाची कबर पाहिली. मृत्युपत्रात त्याने बजावून ठेवले होते की आपल्या कबरीवर प्रतिमा, अर्धपुतळा, काही नको; म्हणून काळसर दगडाची, प्राचीन घाटाची एक भारदस्त पेटी तेवढी तिथे आहे. शेवटपर्यंत त्याची काळजी वाहणारी घरकामवाली जेनी ल गियू तिथूनच जवळ विसावली आहे. भाच्याने तिच्या दगडावरची पाने झाडली. १८६१ च्या जुलैअखेरीस चॅपेल लोकांसाठी उघडले, तेव्हा उन्हाळ्यामुळे पॅरिस रिकामे होते, बड्या अधिकाऱ्यांपैकी फारसे कोणी फिरकले नाही आणि म्हातारा खट्टू झाला, असे भाच्याला सांगितले, तर तो म्हणाला, "म्हणजे तेव्हासुद्धा दाराशी येऊन पाठ फिरवूनच गेले म्हणायचे."

परतीचे विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचे होते. संध्याकाळी पुन्हा एकदा चर्चला गेलो. मेणबत्तीवाल्या बाई तिथेच होत्या. चित्र कसे वाटले, असे त्यांनी विचारले. फ्रेंच येत नाही आणि भाचा बाहेर गाडी पाहत होता, म्हणून मी हातांनी सांगायचा प्रयत्न केला : एक पोरगा असा रेटतो, वस्ताद असा उभा राहतो, मांडीला असा हात. त्यांना काय कळले ते ठाऊक नाही, पण त्यांनी माझा खांदा धरून मला खरोखरच थोडे रेटून पाहिले आणि आम्ही दोघेही हसलो. मग त्या दिवे मालवायला गेल्या. हेलिओदोराचे खांब आधी काळोखात गेले, मग ओकची पाने, मग ते दोघे. खाली जमिनीवरची गवती टोपी मात्र, बाहेरच्या रस्त्याच्या उजेडात, आम्ही दारापाशी पोहोचेपर्यंत दिसत होती.